अक्षर तर माझंच आहे

लातूर, २ जुलै २०२०
लॉकडाऊनमुळं क्लास बंद. हरकत नाही. आजपासून केमिस्ट्रीचं स्वतःचं चॅनल: 'हरिओम सरांच्या ओरिजिनल नोट्स'. पानापानावर माझा फोटो. चोरी होणारच, डोळ्यांत तेल घालून राहायचं.

९ जुलै
झाली! मुदखेडची कुणी बाई ऑनलाइन शिकवून राहिली. चेहरा नाही, नुसता फळा आणि हात. शब्दन् शब्द माझा. इलेक्ट्रॉन म्हणजे शिरूर अनंतपाळच्या एसटीतले प्रवासी, आधी एकेक सीट धरतात, मग नाइलाजानं शेजारी बसतात, हेसुद्धा! मुदखेडला ती एसटी जाते कुठं? कॉपीराइटची तक्रार ठोकली.

११ जुलै
तिचा व्हिडिओ उतरला. वकील मलप्पांना फोन लावला. म्हणाले, शिकवण्यापुरता दुसऱ्याचा उतारा घेता येतो, अख्खी वही आपल्या नावावर खपवता येत नाही. तेच तर म्हणतोय मी! मग म्हणाले, "सर, नोट्स तुमच्याच न्हवं?" प्रश्न आवडला नाही. त्र्याण्णव साली स्वतःच्या हातानं लिहिल्यात. बाई सांगायच्या, लिहायचो मी. अक्षर माझं.

१३ जुलै
बायकोनं, उमानं, माळ्यावरून मूळ वही काढली. पहिल्याच पानावर 'अकरावी, पत्र्याचं शेड, शिवकांताबाई'. भूकंपात पुस्तकं मातीखाली गेली होती. बाई आठवून आठवून सांगायच्या. उमा म्हणाली, "त्या बाई आता कुठं असतील?" असतील कुठंतरी, म्हणालो. जेवण गेलं नाही. उकाडा लई आहे.

१४ जुलै
मुदखेडहून फोन. बाईंचा आवाज ऐकून उठून उभाच राहिलो.
"हरिओम, माझा व्हिडिओ तूच बंद केलास का रे?"
हाव, म्हणालो.
"पोरांची परीक्षा हाय. आधी चालू कर. नोट्स वापर, मी कुठं न्हाई म्हणते? पण नाव टाकायचं की रे."
फोन ठेवल्यावरही थोडा वेळ उभाच होतो.

१५ जुलै
तक्रार मागं घेतली. जाहीर खुलासा लिहिला: 'तांत्रिक गैरसमज झाला.' उमानं 'तांत्रिक' खोडलं. मग 'गैरसमज'ही. उरलं ते असं: 'या नोट्स शिवकांताबाईंच्या. मी उतरवून घेतल्या.'

२० जुलै
लाईव्हला चार जण. त्यातली शिवांगी म्हणाली, "सर, बाईंच्या तासाची लिंक द्या ना." दिली. चौघंही गेले. मग मीही गेलो.
बाईंनी शिकवणं थांबवून सगळ्यांदेखत विचारलं, "हरिओम, उशीर का झाला?"