ताईच्या वाफ्याचं निर्जंतुकीकरण

तीर्थरूप ताई,

वाकून नमस्कार (गुडघे अजून साथ देतात). तुझी कंबर कशी आहे? नव्या घराच्या जिन्याला कठडा बसवला का? इकडे आम्ही ठणठणीत. तुझा वाफाही ठणठणीत आहे असं लिहिणार होते, पण माझं खोटं तू अक्षरावरून ओळखतेस, म्हणून पहिल्यापासून सांगते.

जाताना तू सामायिक बागेतला तुझा बारा वर्षांचा वाफा माझ्या हवाली केलास. नियम तुला पाठच आहे: पाहणीत वाफा ओसाड दिसला की तो प्रतीक्षायादीतल्या पुढच्याला. पुढचे म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. ते रोज कुंपणाशी उभे राहून, आपलं सामान कुठे मांडायचं ते ठरवत असतात. पाहणी एकवीस तारखेला आहे. पण काळजी नसावी, मी पहिल्याच दिवशी पदर खोचला. खणते तर घेवड्याच्या मुळांना कोळिष्टकासारखे पांढरे तंतू! आता तूच सांग, वीस वर्षं इस्पितळात कात्र्या-चिमटे उकळणाऱ्या बाईने बुरशी बघून काय करावं? मी सतरा किटल्या उकळतं पाणी ओतलं (वाटेत लोक आपणहून बाजूला होत होते) आणि वर जंतुनाशक शिंपडलं. वाफा इतका स्वच्छ झाला, की त्यावर शस्त्रक्रिया करता आली असती.

उगवलं मात्र काही नाही. रोपवाटिकेच्या म्हाताऱ्या मालकांनी माती हुंगली. "बाई, ती बुरशी मुळांना लांबून पाणी आणून देत होती. तिला मारलंत? आणि मुळांच्या गाठींतले जिवाणू?" म्हटलं, तेही. "चोख काम," म्हणाले, आणि तीच बुरशी दोन पुड्यांत बांधून दिली, जिवाणूंची भुकटीही दिली. पहिली पुडी मी कोबीला घातली. नंतर कळलं, कोबी या बुरशीला दारातसुद्धा उभं करत नाही (मला आपली थोरली काकू आठवली). दुसरी, जिवाणूंच्या भुकटीसकट, घेवड्याच्या बियांना चोळली. आता क्लोरीन उडून जावा म्हणून नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवते. आमचे हे म्हणतात, "माझा चहा कधी इतका जपलास का गं?" रोज सकाळी वाकून बघते, काही दिसत नाही. इस्पितळात काही न दिसणं म्हणजे यश. इथे त्यानेच जीव टांगणीला लागतो. पण कालच सहा रोपं वर आली. वाफा आपलाच राहणार, लिहून ठेव.

तुझी धाकटी

ता. क. सहा नव्हे, चार. दोन तणाची निघाली.

ता. क. तू नेलेली पुदिन्याची कुंडी याच वाफ्यातल्या मातीने भरलेली आहे ना? त्यातली चार मुठी माती हवी होती. मालक म्हणतात, जुन्या मातीचं विरजण लागलं तर वाफा लवकर सावरेल.

ता. क. पोस्टाने नको पाठवूस. एकवीसच्या आधी स्वतः घेऊन ये. आणि रागवायचं असेल तर इथे येऊनच रागाव. रागावलीस की तू खुरपं उचलतेस, आणि सगळा वाफा हिरवा होईपर्यंत खाली ठेवत नाहीस.