आईंचे धवले, बिनसनईचे

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

चढवले एकदाचे! भूपेशच्या लॅपटॉपवरचे आईंचे सगळे धवले क्लाउड लायब्ररीत गेले. प्रत्येकापुढे हिरवी खूण, शेजारी 'लॉसलेस'. भूपेश असता तर आधी विचारलं असतं, सेटिंग तपासलीस का? तपासली, बाबा. एमपीथ्रीला तो पॉलिशचा तांदूळ म्हणायचा. पोट भरतं, पण भाताला वास नाही.

नणंदेच्या मुलीचं, खुशीचं लग्न डिसेंबरात आहे. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला गायचा धवला वेगळा, आणि चांदीपच्या आमच्या घरात ते सगळे फक्त आईंना, माझ्या सासूबाईंना येतात. पण लेकाला, भूपेशला जाऊन वर्ष झालेलं नाही. दुखवट्यात त्या गाणार नाहीत. म्हणून रेकॉर्डिंग वाजवायचं ठरलंय.

अ‍ॅपने विचारलं – फाइली सुरक्षित आहेत, लॅपटॉपवरची जागा मोकळी करू? म्हटलं, कर. लॅपटॉप भरलाच होता.

ऐकले मात्र नाहीत. फेब्रुवारीपासून धीरच होत नाही.

१३ नोव्हेंबर

कामणच्या गोदामात स्टॉकची मोजणी. कंबर मोडली.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज ऐकले.

सुरुवातीलाच सनई! वाटलं, चुकीचं दाबलं. दुसरा लावला, तिसरा लावला. सगळीकडे सनई, ढोलकी आणि कीबोर्ड. हे तर 'कृष्णाबाईंचे धवले' – सहा वर्षांपूर्वी म्युझिक कंपनीने आईंचा अल्बम काढला होता तो. भूपेशनेच त्यांना आईंचा आवाज साफ करून दिला होता.

आमच्याकडचं ते नव्हतं. आमच्याकडे त्या दिवशी चांदीपच्या ओटीवर जे झालं ते सगळं होतं. मांडवाशिवाय धवला म्हणायचा नाही, म्हणून आई अडून बसल्या होत्या. मग भूपेशने दाराला आंब्याच्या पानांचे टाळे बांधले आणि म्हणाला, "हा घे मांडव." तेही त्यात आहे. मग पंखा बंद केल्याचा आवाज. मग तो – "आये, म्हन." एखादी बाइक गेली की – "थांब. परत." आई करवादायच्या, "किती वेला परत?" आणि तो हसायचा.

तेवढाच त्याचा आवाज माझ्याकडे होता. जगाचे आवाज टिपत फिरला, पण स्वतः कधी व्हॉइस मेसेज नाही. 'दूध आण' हेसुद्धा टाइप करायचा. मी चेष्टा करायचे, आवाजाचं भाडं पडतं का रे तुला?

१८ नोव्हेंबर

वसईला प्लासिडकडे लॅपटॉप घेऊन गेले. भूपेशबरोबर वीस वर्षं साउंडचं काम केलेला माणूस. सगळं ऐकून घेतलं, मग हळूच म्हणाला, "वहिनी, ते मॅचिंग ऑन होतं. तुमचं गाणं त्यांच्याकडे आधीच आहे असं त्याला वाटलं ना, की तुमची फाइल अपलोडच होत नाही. त्यांचीच लावतो."

"पण लॉसलेस लिहिलंय."

"ती लॉसलेसच आहे. पण त्यांची."

मी क्वालिटी तपासली. फाइल कोणाची ते तपासलंच नाही.

त्याने दुकान बंद करून संध्याकाळपर्यंत खटपट केली. "एसएसडी आहे. पुसलं की गेलं." त्याच्याकडेही फक्त साफ केलेलाच आवाज होता. भूपेश स्वतःचं बोलणं आधी कापायचा, मगच कोणाला द्यायचा. मला रिक्षात बसवताना प्लासिडचे डोळे भरले होते. मी रडले नाही. घरी येऊन कुकर लावला आणि शिट्ट्या मोजायला विसरले.

१९ नोव्हेंबर

दुसऱ्यांदा गेला तो. या वेळी माझ्या बोटाने.

२३ नोव्हेंबर, रविवार

चांदीपला जाऊन आईंना सांगितलं. त्या वाल सोलत होत्या. मान वर केली नाही.

"मंग? कंपनीचा वाजवा. लोकांना कलतंय काय!"

मला इतका राग आला! लेकाचा आवाज गेला आणि ही बाई वाल सोलते आहे. चहा न घेता निघाले. एसटीत बसल्यावर रडू आलं ते थांबेना.

३० नोव्हेंबर

आईंचा फोन. स्वतःहून कधी करत नाहीत. "येत्या रविवारी ये. त्याचा तो माइक घेऊन ये." आणि ठेवला.

माइक कपाटातून काढला. फोमला अजून त्याच्या बॅगेचा वास आहे.

७ डिसेंबर, रविवार

दाराला आंब्याचे टाळे होते. आईंनी स्वतः स्टुलावर चढून बांधलेले, त्र्याहत्तराव्या वर्षी! दुखवट्याचं विचारणार होते, पण त्याच म्हणाल्या, "त्याच्यासाठीच म्हनते. त्याला कसला दुखवटा?"

पंखा बंद केला. माइक लावला. आईंनी हळदीचा धवला सुरू केला. आवाज पिकलाय, पण सूर जागेवर आहे. पहिलं कडवं झालं आणि त्या थांबल्या. बाइक नाही, कुत्रं नाही, सगळं चिडीचूप. तरी थांबून राहिल्या, माझ्याकडे बघत.

"काय झालं, आई?"

"हितं तो परत म्हनतो."

त्या वाट बघत राहिल्या. शेवटी मीच म्हणाले, "आये, परत."

"किती वेला परत?" म्हणाल्या, आणि पहिल्यापासून लागल्या.