दांडीला बांधलेली दोरी

४ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बंदरात मिळालं. आईच्या गुडघ्यांबद्दल पुढच्या वेळी, आधी माझ्या डोक्यात गेलेली गोष्ट सांगते. इंजिनखोलीत डिझेलच्या टाकीची पातळी मोजायची नळी आहे. तिच्या तोंडावरची वजनदार दांडी हात सोडला की पडते आणि तोंड आपोआप बंद होतं. आमच्याकडे ती दांडी चक्क दोरीने वर बांधून ठेवतात! का, तर मोजताना एक हात अडकतो. टाकी जास्त भरली तर तेल उसळून थेट तापलेल्या पाइपांवर पडेल. मी रोज दोरी कापते, दुसऱ्या दिवशी नवी हजर.

चीफ इंजिनिअर म्हणतात, वीस वर्षं असंच चाललंय, तू शहाणपणा शिकवू नकोस. वर 'सर्व ठाकठीक' या कागदावर फेरी संपायच्या आत मी सही करायची, नाहीतर पुढच्या जहाजावर मला जागा नाही. काय करू ते कळवा. रागात आहे, तरी लोभ कमी करू नये.

तुमची ठिणगी

१५ मार्च

चि. ठिणगीस अ. उ. आ.

इंजिनखोलीत जन्म काढलेल्या बापाला विचारतेस, काय करू म्हणून? सही अजिबात करायची नाही. त्या चीफला जहाज म्हणजे घरची मोरी वाटली काय? दांडी बांधणारा गाढव कोण ते शोध आणि त्याचं नाव ठळक अक्षरांत तक्रारीत लिही. असल्यांना पहिल्या बंदरात उतरवलं पाहिजे! नोकरी गेली तर घरी ये, दोन घास आम्हाला जड नाहीत.

तू संतापली आहेस एवढंच आईला सांगितलं. म्हणाली, म्हणजे तब्येत बरी आहे. लोभ असावा.

तुझा बाबा

२७ मार्च

ती. बाबांस सा. न.

गाढव सापडला. आमचा म्हातारा तेलवाला, यंत्रांना तेल घालणारा. जाब विचारला तर हसला. म्हणाला, 'पहिल्या जहाजावर मिस्त्रींनी शिकवलं, म्हणजे तुमच्याच वडिलांनी, आणि गाठसुद्धा त्यांचीच.'

रोज रागाने कापताना मी ती नीट पाहिलीच नव्हती. दोन वेढे आणि उलटा फास. माझ्या शाळेच्या डब्याला तुम्ही हीच मारायचात, बाबा. आता तक्रारीचा कागद समोर आहे. नाव कोणाचं लिहू? की सही करून मोकळी होऊ? तुमचा भयंकर राग आलाय.

ठिणगी

६ एप्रिल

चि. ठिणगीस आशीर्वाद.

नाव माझं लिही. माझ्या डाव्या हातावरचा डाग वाफेचा नाही. त्याच नळीतून तेल उसळलं, पाइपावर भडका उडाला, कसाबसा वाळूने विझवला. मग कुणाला कळायच्या आत जळकी दोरी खिशात घातली आणि 'सर्व ठाकठीक'वर सही ठोकली. पुन्हा दांडी बांधली नाही. पण ज्याला शिकवलं तो तोवर दुसऱ्या जहाजावर गेला होता. त्याला दोन ओळी लिहायची मला लाज वाटली. त्या आज लिहिल्या आहेत, सोबतची चिठ्ठी त्याला दे. चीफना वेगळं पत्र टाकलंय.

आईला कालच सगळं सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तू सही करू नकोस, माझी एक पुरे आहे.

लोभ असावा असं दरवेळी सवयीने लिहीत आलो. आज विचारतो आहे, आहे का?

तुझा बाबा