पिकल्या केळ्यांवरची पाखरं

१२ ऑक्टोबर
नंदगडच्या अलीकडे, भातशेताच्या कडेला घर मिळालं. तीस वर्षं बेळगावात कॉन्व्हेंटच्या मुलींना शिकवलं. आता फक्त फुलपाखरं. लहानपणी सिस्टर बर्था आमच्याकडून निसर्गवही लिहून घ्यायच्या, तशीच कोरी वही आणली आहे. शेजारच्या जयाबाईंनी आल्या आल्या भाकरी-ठेचा दिला आणि विचारलं, पाखरं बघायला पेन्शन देतात व्हय? मी हसतच बसले.

१५ ऑक्टोबर
दिवेलागणीला ती तपकिरी फुलपाखरं दिसली. दिवसभर पाचोळ्यात पाचोळा होऊन बसतात. पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके. पावसाळा सरला की पुसट होतात. अळी हिरवी, डोक्यावर दोन शिंगं, भाताच्या पातीवर वाढते. फुलांकडे ही पाखरं ढुंकून बघत नाहीत. त्यांना सडकं फळ लागतं.
बांधावरच्या जांभळीखाली कुणी काळी पडलेली केळी टाकली होती, हळदकुंकू लागलेली. धुऊन ताटलीत, व्हरांड्यात ठेवली.

१६ ऑक्टोबर
एकवीस पाखरं आली. जयाबाईंची सून आरोही, पहिलटकरीण, महिनाभर अंथरुणाला खिळली होती; आज उठून पेज प्याली. जयाबाईंचे डोळे भरले. माझेही.

१९ ऑक्टोबर
केळी सुकली तरी पाखरं गेली नाहीत. माझ्या मनगटावर बसतात. आधी कौतुक वाटलं. हाताला गोडसर वास येतोय, साबणानं जात नाही.

२२ ऑक्टोबर
मनगट मऊ पडलंय. दाबलं की खळगा राहतो. खानापूरचे डॉक्टर म्हणाले, रक्तात काही दोष नाही.
जयाबाईंना ताटली दाखवली, केळी जांभळीखालून उचलल्याचं सांगितलं. त्या पायरीवरच थांबल्या. ती केळी त्यांनीच आरोहीवरून उतरून टाकली होती. उतारा उचलू नये, हे इथं सगळ्यांना ठाऊक. मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्यावरूनही उतरून टाका, म्हटलं.
“दुसऱ्यांदा न्हाय उतरत, बाई. तुमी हातानं घरात आणलासा. आता एकच करा, आमच्या आरोहीला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. ते वळखीच्या अंगावर परत जातंय.”
मी शब्द दिला.

२५ ऑक्टोबर
कडी लावून बसते. पाखरं आता दिवेलागणीलाही उडत नाहीत. गालावर, ओठांच्या कोपऱ्यात — ठिपके पुसट झालेले नाहीत. बघतात.

२७ ऑक्टोबर
उठवत नाही. जिभेवर सडक्या केळ्याची चव — काही न खाता. कडी लावायला बोटांत जोर —

२८ ऑक्टोबर
आरोहीचा आवाज. सासूबाई भातकापणीला गेल्यात, म्हणते. माझ्यासाठी पेज आणलीय. नको म्हणून ओरडायला हवं. तोंड उघडलं की ही पाखरं आत —
दार ढकललं तिनं. भांडं उंबऱ्यावर ठेवतेय. आता पाऊल —