शिवपुत्र एअरवेज

५ जानेवारी १९७४, सकाळ
मिलचा भोंगा झाला. उठलो नाही. म्हणजे उठलो, पण थोड्या वेळाने, स्वतःच्या मर्जीने. टाइम ऑफिसच्या खिडकीमागे बसून कामगारांना टोकनचे बिल्ले द्यायचे, उशिरा येणाऱ्यांना लेट मांडायचं, यात जवानी गेली. समाधान शून्य. आता स्वतःचा धंदा. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत फोटोचा स्टॉल. कॅमेरा भागीदार इमामसाबचा, डोकं माझं. पुठ्ठ्याचं विमान, मागे रंगवलेले ढग, आत गिऱ्हाईक. यात्रा संपली की साहेबांच्या टेबलावर राजीनामा. मजकूर डोक्यात तयार.

७ जानेवारी
मिलमध्ये कावीळ झाल्याचं कळवलं. यात्रेपुरती. दाक्षायणी म्हणाली, "अहो, राजीनामा द्यायचाच आहे तर आत्ताच द्या की." बायकोला बिझनेस कळत नाही. मग म्हणाली, "पकडलं तर नोकरी जाईल, नोकरीमागं ही चाळीतली खोली जाईल. राहायचं कुठं, विमानात?" मालकाने प्रत्येकाला उत्तर द्यायचं नसतं.

१० जानेवारी
विमान तयार. इमामसाबने विचारलं, "नाम क्या डालना?" मालकाचं नाव हवंच. लांबून दिसेल अशा लाल अक्षरांत: शिवपुत्र एअरवेज. पकडलं जाण्याची भीती नाही. फोटो मी काढणार, आणि फोटोग्राफरचं डोकं काळ्या कापडात असतं.

१३ जानेवारी, रविवार
पहिलंच गिऱ्हाईक आमच्या लूमखात्यातला महादेवप्पा, बायको शिवबाई आणि पोरं. डोकं बाहेर काढलं नाही. इमामसाबच्या आवाजात म्हटलं, "सीधा बैठो, हिलना नक्को." शिवबाई म्हणाली, "अगं बया, टोकणचे सायेब कापडात का लपल्यात?" महादेवप्पा कापडापाशी वाकला. "कावीळ कशी हाय, सायेब? उसाचा रस घेताय न्हवं?" आणि पैसे न देता गेला. अपवाद समजायचा.

१४ जानेवारी
संक्रांत. तुफान गर्दी. धंदा जोरात. गिऱ्हाईक सगळं आमच्याच मिलचं, सगळ्यांना माझ्या काविळीची काळजी. सगळ्यांचे फोटो फुकट. इमामसाब चिडला. "शिवपुत्रभाई, ये दुकान है या खैरात?" त्याला सांगितलं, याला गुडविल म्हणतात.
सोलापुरात एवढी माणसं, पण यात्रेला आमचीच मिल कशी येते, कळत नाही.

१६ जानेवारी
वाईट बातमी. टाइम ऑफिसचे हेड, महिपतीसाहेब, आजाऱ्याला बघायला घरी येऊन गेले. दाक्षायणीने सांगितलं, करकंबला कावीळ उतरवून घ्यायला गेलेत. साहेब फक्त "अस्सं" म्हणाले.
तिला चार वेळा विचारलं, नक्की कसं म्हणाले? चढत्या सुरात की उतरत्या? ती म्हणाली, "जेवा आता." निर्धार: उद्यापासून कापडात असतानाही मफलर.

१८ जानेवारी
लूमखात्याचा जॉबर, म्हणजे मुकादम, पीरसाब आला. फोटो नको म्हणाला. "तुमी कामावर आल्यावर आमाला लेट मांडायचं न्हाय, एवढंच." मान्य केलं. राजीनामा द्यायचाच आहे, कबूल करायला काय जातं? पण कबूल करताना घाम आला. थंडीमुळे असेल.
त्याच्या मागे त्याचं सगळं खातं आलं, तीच मागणी घेऊन. मिलमध्ये मला एकच साहेब होता. इथे सगळी मिलच साहेब आहे. अर्थात, धंदा नवीन असताना असं होणारच.

२० जानेवारी, रविवार, संध्याकाळ
साहेब आले. सोबत बाईसाहेब आणि दोन मुली. कापडात शिरलो. साहेबांनी विमानावरचं नाव मोठ्याने वाचलं. सगळे विमानात बसले. मी कसाबसा म्हणालो, "हिलना नक्को." कॅमेरा माझ्यामुळेच हलत होता.
साहेब म्हणाले, "पुढची जागा रिकामी आहे. पायलटशिवाय विमान उडायचं कसं?"
शेवटी इमामसाबने मला कापडातून ओढून काढलं. "जाव भाई, बैठो." बसलो. साहेबांच्या धाकटीने मफलर उतरवला. म्हणे, पायलट मफलर घालत नाहीत. पायापाशी पाटी: गड्डा यात्रा, २० जानेवारी १९७४. इमामसाबने फोटो काढला.
साहेबांनी पैसे चुकते केले. स्टॉलचं पहिलं रोख गिऱ्हाईक. जाताना म्हणाले, "उद्या पहिल्या पाळीला या."
राजीनामा उद्याच देतो.

२१ जानेवारी
भोंग्याच्या आधीच तयार होतो. दाक्षायणीने डबा दिला. बिल्ला घ्यायला आलेला प्रत्येक जण खिडकीत वाकून म्हणाला, "सायेब, हिलना नक्को." राजीनामा दिला नाही. साहेब कामात होते.

२४ जानेवारी
साहेबांनी बोलावलं. टेबलाच्या काचेखाली विमानातला फोटो. तोंड माझ्या खुर्चीकडे. विचारलं, "आज लेट किती?" अख्खं लूमखातं चहा पिऊन सावकाश आलं होतं. म्हटलं, "कुणी नाही, साहेब."
"अस्सं," म्हणाले, आणि काच रुमालाने पुसली. सूर उतरता होता.
उद्यापासून माझा यायचा टाइम ते स्वतः बघणार आहेत.
फोटो मात्र उत्तम आलाय. मी पुढे, साहेब मागे. नीट पाहिलं तर विमान मीच चालवतोय.