आमच्या रस्त्याचं टोक

२ डिसेंबर, पोलादपूर

सकाळी दारात हॉर्न. वाटलं दुधाचा टेंपो. बघते तर जैतून, महाडहून डबी घेऊन आलेली. तिचे यजमान उस्मानभाई वारल्यापासून ही गाडी त्यांच्या परसात ताडपत्रीखाली उभी होती. जुनी मिनी बस घेऊन माणसाने आत अख्खं घर केलं. झोपायला तीन फळ्या, शेगडी, बेसिन, मागे पाण्याची टाकी आणि कपाटाएवढी मोरी. आखातात ट्रेलर चालवायचे, तिकडे अशा गाड्या पाहिलेल्या. म्हातारपणी दोघांनी फिरायचं ठरलं होतं, म्हणून जैतूनलाही चालवायला शिकवलं. मोहल्ल्यातली पोरं 'उस्मानची डबी' म्हणतात. ते स्वतः तिच्यातून जवळच्या वीर स्टेशनपर्यंत जाऊन आले, तेवढंच.

जैतून चहालाही बसेना. "अनीसने व्हिसाचे कागद पाठवलेत. बोलतो, अम्मी, आता एकटी राहायचं नाय, कायमची दोह्याला ये. डबीला पुण्याचं गिऱ्हाईक आलंय. जानेवारीत नेईल." मग म्हणाली, "त्याच्या आधी एकदा लांब चालवू दे ना मला, नलू."

मी म्हटलं, कुठे?

"ते सुशीलाला विचारू."

३ डिसेंबर

कापड्याला गेलो. सुशीला पेंढा रचत होती, डोक्यात भाताचा तूस. विचारल्यावर तिने क्षणभरही विचार केला नाही. "आपला हायवे संपतो कुठं, ते बघूया."

पावसाळ्यात काकड्या, मे महिन्यात करवंदं घेऊन ती पोलादपूरच्या नाक्यावर बसते. लग्न होऊन आली तेव्हापासून. "येवड्या गाड्या त्या अंगाला जातात गो बाय. जातात तरी कुठं?"

जैतूनने मोबाइलमध्ये पाहिलं. थेट कन्याकुमारी. हाच रस्ता.

पांडुरंग, तिचा नवरा, ऐकत होता. म्हणाला, "जावा की. माजं जेवान मी करीन." आम्ही निघालो तेव्हा बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारत होता, "भाताला शिट्ट्या किती?"

येताना जुनं आठवत राहिलं. महाडच्या दवाखान्यात मी नवीन सिस्टर. सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलेलं. त्यात या दोघी एकाच दिवशी बाळंत झाल्या, जैतूनला अनीस, सुशीलाला वैशाली. पाणी उतरेपर्यंत कुणाला घरी जाता येईना. माडीवर आम्ही तिघी, दोन पोरं आणि पेजेचं पातेलं. सुशीलाला दूध नव्हतं तर जैतूनने दोन्ही पोरांना पाजलं. तिथपासून.

५ डिसेंबर

निघालो. कशेडीच्या बोगद्यात सुशीलाने डोळे गच्च मिटले नि बाहेर आल्यावर विचारलं, "डोंगर सपला?" पुढे खेडपर्यंत तिला तीनदा गाडी लागली. लिंबू, आलं, सगळं झालं. शेवटी जैतून म्हणाली, "मागं नको बसू, पुढं माझ्या बाजूला ये नि रस्त्यावर नजर ठेव." ती पुढे बसली आणि उलटी थांबली. तेव्हापासून पुढची सीट तिची. मी मागे, राणीसारखी, फळीवर पाय पसरून.

रत्नागिरीच्या पुढे एका पेट्रोल पंपावर मुक्काम. मालकाने नळ दिला, वर म्हणाला, काही लागलं तर हाक मारा मावशी. जैतूनने नमाज पढला, सुशीलाने हळदीकुंकू लावलेला देवाचा छोटा फोटो खिडकीत ठेवला, मी भाकऱ्या भाजल्या. तीन बायका, एक शेगडी. भांडण फक्त पंख्यावरून.

मला साठी उलटून दोन वर्षं झाली. एवढं हसलेली आठवत नाही.

७ डिसेंबर, अंकोल्याच्या पुढे

आज सुशीलाने गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेला एक बाई काकड्या मांडून बसलेली, आपल्या सुशीलासारखीच, तशीच छत्री, तसाच मिठाचा डबा. ती कानडी, ही कापड्याची. ही काकडी हातात घेऊन म्हणाली, "जून हाय." ती काहीतरी म्हणाली. दोघी हसल्या. मग त्या बाईला पोराला शाळेतून आणायचं होतं बहुतेक, हाताने खूण करून निघाली. आणि ही बसली की तिच्या जागेवर! ढीग मोडून परत रचला, मोठ्या मागे, कोवळ्या पुढे. एक कार थांबली. सुशीलाने मराठीत काकडी विकली. त्यांनी घेतली.

बाई परत आली तेव्हा दोन वाटे खपलेले. पैसे तिच्या हातावर ठेवून ही गाडीत चढली. आरशात तिची छत्री दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. मग, "तिचं ऊन आपल्यापेक्षा कडक हाय गो."

९ डिसेंबर

नलूबायनं सांगितलं तारीक घाल. घातली. मी सुशीला लिवतेय. चौथी पास हाय, कुनी हसू नका.

काल सांच्याला भटकळच्या अलीकडं समुद्रावर पाय धुवायला गेलो. बाय शेवाळावरनं घसरली. उजवा हात अंगाखाली आला. वरडली नाय. नुसती बोलली, मोडलाय. तिला बरं कळतं. जैतूननं वढणी सोडली नि हात गळ्यात बांदला, जसा बायच सांगत हुती तसा. सांगताना बायचा चेहरा पांडरा फटक. मंग दवाखाना. डॉक्टर पोरगी हुती, लय गोड बोलली, हिंदीत. मनगट मोडलंय. पिलास्टर घातलं.

बाय बोलते येवडंच लिव. पन मी आनकी लिवनार. आज सकाळी मी तिचे केस इंचारले, येनी घातली. तर बाय रडाया लागली. मी इचारलं दुकतंय काय. तर बोलली, नाय, आय गेल्यापासून कुनी घातली नव्हती.

आता फुडं लिवत नाय. मला पन रडू येतं.

११ डिसेंबर

डाव्या हाताने. अक्षर कोंबडीचे पाय. नावं आखूड लिहीन. जै., सु., पुरे.

डोंबिवलीहून भाच्याचा फोन. "मावशी, हे वय आहे का? लगेच परत फिरा. मी गाडी पाठवतो." प्रेमाने म्हणतो, चूक नाही. मलाही तेच वाटत होतं. दोघींवर ओझं. साडी नेसवा, घास कालवून द्या, मोरीत धरून न्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या उशाशी बसले, आता स्वतः खाटेवर पडून राहायचं जमत नाही.

म्हटलं, परत जाऊ.

जै. ने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मागे वळून म्हणाली, "नलू, माझं पोर तुझ्या हातावर झालं. पूर असताना तू मला धुतलंस, पुसलंस. तेव्हा मी बोलली का, ओझं होतंय, घरी जाते?"

मी म्हटलं ती माझी नोकरी होती.

"मग आता ही आमची हाय. गप पड."

सु. ने पेज पुढे केली. मी गप पडले. पेज फार चांगली झाली होती.

१५ डिसेंबर, केरळ

रस्ता अर्धा खणलेला. पूल बांधतायत, वळसे, धूळ. जै. खिडकीतून हात काढून मागच्यांना थांबवते आणि मिनी बस अशा काही फटीतून काढते की ट्रकवाले मान हलवतात. तिला बघताना वाटतं, ही बाई दोह्याच्या फ्लॅटमध्ये, चौदाव्या मजल्यावर, काय करेल?

हे तिला बोलले नाही. अनीस वाईट मुलगा नाही. त्याला रात्री झोप लागत नाही म्हणतो, अम्मी एकटी पडली-बिडली तर. माझा हात मोडल्याचं ऐकून तर आणखीच घाबरला. व्हिडिओवर मला म्हणाला, "सिस्टरमावशी, तुम्हीच समजवा ना तिला." काय समजवू? त्याला पहिला श्वास घ्यायला मी पाठीवर थोपटलं होतं. त्याचं म्हणणं पटतं. तिचंही पटतं.

दुखणं कमी. सु. रोज एरंडेल लावून बोटं चोळते. म्हणते, काकडी तोडून तोडून माझ्या हातात ताकद हाय.

१६ डिसेंबर

सु. ने पांडुरंगला फोन केला. भाताला चार शिट्ट्या झाल्या, लापशी झाली. तरी खाल्ली म्हणाला. मग त्याने विचारलं, "रस्ता सपला काय?" सु. म्हणाली, "अजून नाय. लय हाय." आणि फोन ठेवल्यावर खिडकीतून बाहेर बघून स्वतःशीच हसली.

१९ डिसेंबर, कन्याकुमारी

संपला.

एक चौक, हॉटेलं, शंखशिंपल्यांची दुकानं, पुढे पाणी. सु. उतरली. रस्त्याचं शेवटचं डांबर जिथे दिसलं तिथे वाकून हात लावला, तोच हात कपाळाला. देवळात गेली नाही अजून, आधी रस्त्याच्या पाया पडली. मग म्हणाली, "आमच्या नाक्यावरचा नि हा येकच. बघ." मी नुसता तिचा खांदा धरून उभी राहिले, डाव्या हाताने.

संध्याकाळी तिघी दगडावर. जै. पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "उस्मान म्हातारा झाल्यावर आपण दोघं जाऊ बोलायचा. म्हातारा झालाच नाय." मग पुष्कळ रडली. आम्ही थांबवलं नाही. रडून झाल्यावर नाक पुसत म्हणाली, "पोराचं घर चांगलं हाय. थंड हाय, साफ हाय. पण तिथं मी पाहुणी, नलू. इथं मला कुणी तरी गाडी बाजूला घ्यायला सांगतं, मी घेत नाय." हे बोलून स्वतःच हसली.

सु. ने विचारलं, "मग जातेस का नाय?"

"पोरगा हाय गो माझा."



२७ डिसेंबर, पोलादपूर

काल घरी पोचलो. येताना तीच गावं, तोच पंप, मालकाने प्लास्टर बघून खुर्ची आणली. अंकोल्याची ती काकडीवाली नव्हती तिच्या जागेवर. सु. हिरमुसली.

किती माणसांचं देणं झालं या रस्त्यावर. पंपवाला, ती डॉक्टर मुलगी, कोल्लमजवळ पंक्चर काढताना उन्हात आमच्या डोक्यावर छत्री धरून उभा राहिलेला चर्चमधला म्हातारा. नावं विचारायची राहिली. देवासमोर बसले की कुणाकुणाचं नाव घ्यायचं कळत नाही, म्हणून नुसते चेहरे आठवते.

घर फार शांत वाटतं. वेणी घालायला शेजारची येते. चांगली घालते. पण सु. सारखी ओढत नाही.

९ जानेवारी

पुण्याचं गिऱ्हाईक येऊन गेलं. माणूस चांगला होता, डबी बघून हरखला. जै. ने त्याला चहा दिला, सगळं दाखवलं, आणि शेवटी म्हणाली, "आत्ता नाय देत. पुढं सांगीन." हे मला फोनवर सांगितलं नि लगेच विचारलं, "अनीसला काय सांगू आता?"

म्हटलं, जे झालं ते सांग.

११ जानेवारी

अनीसशी तिचं बोलणं झालं. तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "अम्मी, तू आधी ये तर. तीन महिने राहा. मग बघू." ती जातेय. परतीचं तिकीट काढायचं की नाही यावर मात्र दोघं काही बोलले नाहीत.

२० जानेवारी

प्लास्टर निघालं. हात काठीसारखा, सुकलेला. मूठ वळत नाही अजून. जैतून दवाखान्यात बरोबर होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "पांडुरंगने खळ्यात जागा केलीय. डबी कापड्याला लावते. आठवड्याला एकदा तरी चालू करत जा, नाय तर बॅटरी उतरते."

मी म्हटलं मला गाडी येत नाही.

"किल्ली फिरवायला येते ना? उजव्या हाताचा व्यायाम पण होईल."

२६ जानेवारी

जैतून गेली. वीरला सोडायला गेलो, सुशीला आणि मी. तिथून रेल्वेने मुंबई, मग विमान. प्लॅटफॉर्मवर तिने आम्हा दोघींना एकदमच कवेत घेतलं. माझा हात मध्ये सापडला, दुखला, तसाच राहू दिला. गाडी हलली तशी खिडकीतून ओरडली, "डिझेल भरून ठेवलंय!"

रिक्षाने परत येताना सुशीला म्हणाली, "यील का गो?"

माहीत नाही, म्हटलं.

२ फेब्रुवारी, कापडे

आज दुसऱ्यांदा डबी चालू करायला आले. जैतूनचा काल फोन. नातीला आंबोळ्या करून घातल्या. बरी आहे. बिल्डिंगखाली गाड्या मोजत बसते. परत येण्याचं तिने काढलं नाही, मी विचारलं नाही.

खळ्यात पेंढ्याच्या उडवीशेजारी डबी. मी चालकाच्या सीटवर चढले, किल्ली फिरवली. मनगट कुरकुरलं, इंजिन लागलं. पाच-दहा मिनिटं चालू ठेवायचं नि उतरायचं, असं ठरलेलं. तेवढ्यात पलीकडचं दार उघडून सुशीला चढली. तिची सीट. पदर खोचून समोर बघत बसली.

"जरा फुडं घे ना."

म्हटलं वेड लागलं का, मला येत नाही.

"मला तरी काय येत हुतं? त्या बांदापातुर."

पांडुरंगने कोंबड्या हाकलल्या आणि बाजूला उभा राहिला. जैतून काय काय करते ते तिच्या मागे बसून इतके दिवस बघितलेलं. डावा पाय दाबला. गियर पडला. पाय सोडला तर डबीने अशी उडी मारली की दोघी काचेवर. बंद. सुशीला हसतेय, पांडुरंग हसतोय. पुन्हा किल्ली. पुन्हा उडी. तिसऱ्या वेळी पाय हळू सोडला.

बांधापर्यंत नाही पोचलो. पण हलली.