शिवणीवरची टेप

सोलंग, १४ जानेवारी २०२४

आद. बाबांना,
सविनय जय भीम. वि. वि.

मी सुखरूप पोचले. फोनवर मी ओरडत होते आणि तुम्ही नुसतं हो हो म्हणत होतात, तेव्हाच ठरवलं की तुमच्या कानांचा संप मिटेपर्यंत पत्रच लिहायचं. इथे टपाल आठवड्यातून दोनदा येतं.

या स्कीइंगच्या कोर्सात बर्फावर घसरायला शिकवण्याआधी पडायला शिकवतात. पहिले तीन दिवस मी तेवढंच केलं आणि त्यात वर्गात पहिली आले. आम्ही चोवीस जण आहोत. मार्चअखेर त्यातल्या दोघांना पुढच्या हंगामासाठी सहायक प्रशिक्षक म्हणून ठेवणार आहेत. बाबा, मला त्या दोघांत यायचंच आहे, नाहीतर परत त्या कॉल सेंटरच्या खुर्चीत बसावं लागेल.

जॅकेट अजून पिशवीतच आहे, हवा कोरडी आहे म्हणून. माझ्या हातात ते पाहून आमचे प्रशिक्षक ठाकूर सर म्हणाले की निवडणाऱ्याला अक्कल आहे. दीड महिना वाचून निवडलं, तेव्हा अक्कल माझीच. पण निम्मी दादरच्या दुकानातल्या अनिशची. त्याने माझ्यासाठी दोन दुपारी घालवल्या. आत लोकर नाही, कापूस नाही, नुसतं पातळ कवच. बाहेरचं पाणी अडवायचं आणि अंगाची वाफ बाहेर सोडायची, एवढंच त्याचं काम. हेल्मेटवरून येणारी टोपी आहे, काखेत हवा खेळायला चेन आहे आणि रंग लाल, म्हणजे बर्फात हरवले तर लांबून दिसेन. तुम्हाला दुकानात यायचं होतं आणि मी गर्दीचं कारण सांगून टाळलं, त्याचा राग धरू नका. मी श्रेयाच्या लग्नाला पुण्याला गेले होते तेव्हा तुम्ही ते इतकं सुरेख घडी घालून ठेवलंत की उलगडायला जीव होत नाही.

आईला सांगा, पायमोजे दोन घालते. लोभ आहेच, तो तिकडच्या उकाड्यात वितळू देऊ नका.

तुमची,
सुमेधा


घोडपदेव, २१ जानेवारी

चि. सुमेधा हिला,
अनेक मंगल कामना. वि. वि.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि आईने तीनदा, त्यामुळे ती जिंकली. पडण्यात पहिला नंबर आल्याचं तिने अख्ख्या मजल्याला सांगितलं आहे.

काखेत चेन ही कल्पना मला फार आवडली. मे महिन्यात मुंबईतल्या प्रत्येक शर्टाला ती सक्तीची करायला हवी. आपल्या जिन्याखालच्या मशीनवर मी सुरुवात करू शकतो, पण गिऱ्हाईक म्हणेल मास्तरांचं डोकं फिरलं. सध्या प्रजासत्ताक दिनासाठी इमारतीतल्या मुलांचे पांढरे सदरे आलेत आणि प्रत्येकाला ते कालच हवे आहेत.

जॅकेटच्या शिलाईची तू काळजी करू नकोस. त्यात जे करायला हवं होतं ते झालेलं आहे. काय ते आल्यावर सांगेन, आता विचारू नकोस. बिनधास्त बर्फात लोळ.

लसणीची चटणी पाठवली आहे. माया आहे तशी राहू दे, आणि उत्तर लवकर धाड.

तुझे,
बाबा


सोलंग, २ फेब्रुवारी

आद. बाबांना,
स. जय भीम.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका. मी बरी आहे, पण मंगळवारी मरता मरता वाचले असं म्हटलं तरी चालेल.

आम्हा वरच्या गटातल्या आठ जणांना सरांनी उंचावर नेलं होतं. दुपारी ओला बर्फ सुरू झाला. सगळ्यांनी जॅकेटं चढवली, मीही चढवलं. अर्ध्या तासात माझ्या खांद्यांवरून पाणी आत आलं, मग बगलेतून, मग मानेवरून. आतले कपडे भिजले, वारा सुटला आणि माझी बोटं वळेनात. दात असे वाजत होते की स्वतःचं नाव सांगता येईना. सरांनी आठही जणांना उलटं फिरवलं. दोघांनी मला धरून खाली आणलं. दुसऱ्या दिवशी मला खालच्या गटात टाकलं. सर वाईट नाही बोलले, फक्त म्हणाले की डोंगरात सामान तपासून न्यायची जबाबदारी आपली असते. सहायकाची जागा गेलीच म्हणून समजा.

जॅकेट उलटं करून वाळत घातलं तेव्हा कारण कळलं. आतल्या शिवणींवर टेपच नाही! अनिशने मला ती बोट फिरवून दाखवली होती. म्हणजे दाखवलं एक आणि बांधून दिलं दुसरं, नकली. इतक्या गोड बोलणाऱ्या माणसाने. मी रविवारी खाली बाजारात जाऊन व्हिडिओ करणार आहे, दुकानाचं नाव आणि त्याचं नाव दोन्ही घेऊन. माझ्यासारख्या दुसऱ्या कोणाचा जीव जायला नको.

रागात लिहिलं आहे, अक्षर सांभाळून घ्या. तुमचा आशीर्वाद तेवढा खरा, बाकी सगळं नकली.

तुमची,
सुमेधा


घोडपदेव, ९ फेब्रुवारी

चि. सुमेधा हिला,
मंगल कामना.

तुझं पत्र मिळालं. तब्येतीला जप. गरम पाणी पी.

शेजारच्या निलेशने तुझा व्हिडिओ मंडळाच्या खोलीत मोठ्या टीव्हीवर लावला. मला ऐकू आलं नाही, पण तुझा चेहरा दिसत होता. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मास्तर, पोरगी वाघीण आहे म्हणाले.

एक विचारायचं होतं. त्या टेपचं काम नेमकं काय असतं? नीट लिहून कळव. शिवण पक्की असेल, चांगली दुहेरी टीप मारलेली असेल, तर टेप नसली म्हणून काय बिघडतं? आणि तो अनिश कुठला, घरी कोण असतं, काही माहीत आहे का?

जास्त लिहीत नाही, डोळे दुखतात. माया असू दे.

बाबा


सोलंग, १५ फेब्रुवारी

आद. बाबांना,
स. जय भीम.

तुमच्यासारख्या मास्तरांनी हे विचारावं म्हणजे कमाल आहे. सुई गेली की कापडाला भोक पडतं. कापड कितीही वॉटरप्रूफ असलं तरी त्या भोकांतून पाणी येतंच. म्हणून शिवण झाल्यावर आतून गरम करून टेप चिकटवतात, सगळी भोकं बंद. शिवण जितकी जास्त तितकी भोकं जास्त. माझ्या जॅकेटला तर दुहेरी टीप आहे, म्हणजे ती नकली माल करणारी माणसं मेहनती होती!

व्हिडिओ चाळीस हजार लोकांनी पाहिला. दुकानाने जाहीर माफी मागितली आणि अनिशला कामावरून काढलं. त्याने मला मेसेज केला होता की ताई, मी बदललं नाही. मी उत्तर दिलं नाही. तो माहीमला राहतो एवढंच माहीत आहे, लग्न ठरलंय म्हणत होता. तुम्ही त्याची चौकशी का करताय? तुमचा स्वभाव फार मऊ आहे, बाबा.

डोळ्यांना जपा. मायेत कंजुषी नको, मागच्या पत्रात दीड ओळीच होत्या.

सुमेधा


घोडपदेव, २१ फेब्रुवारी

चि. सुमेधा हिला,
मंगल कामना.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितो आहे. आधीची तीन फाडली, कारण प्रत्येकात मी काहीतरी दडवत होतो.

टेप मी काढली.

ज्या एक्सपोर्टच्या कारखान्यात मी सव्वीस वर्षं चेकिंगला होतो, तिथे टेपचा एकच अर्थ होता. जिथे शिवण चुकली तिथे चेकरने टेपेचा तुकडा लावायचा, म्हणजे कारागिराने ती जागा उसवून पुन्हा शिवायची. मी आयुष्यात किती टेपा लावल्या असतील त्याला मोजदाद नाही. तू पुण्याला होतीस तेव्हा मी हौसेने तुझं जॅकेट उलटं केलं. खांद्यावर टेप, बगलेत टेप, टोपीला टेप. एक शिवण सुटलेली नाही. मला वाटलं, पोरीच्या गळ्यात रिजेक्ट माल मारला. तू इतकी खूश होतीस की तुझा हिरमोड करवेना. वाटलं, आपण कशाला आहोत? इस्त्रीने गरम करून करून टेप सोडवली आणि सगळीकडे दुहेरी टीप मारली. त्या लाल रंगाच्या दोऱ्यासाठी तीन दुकानं फिरलो. काम झाल्यावर मला इतका अभिमान वाटला की आईला म्हटलं, आता हे कंपनीला दाखवायला पाहिजे.

तुझं दोन तारखेचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. तरी मी तुला टेपचं काम विचारलं, कारण मनात आशा होती की तिचं काम काहीतरी वेगळं असेल. मंडळाच्या खोलीत लोकांनी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली. सुमेधा, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. चूक अडाणीपणाने झाली, पण गप्प मी जाणूनबुजून बसलो. तेवढ्यात त्या मुलाची नोकरी गेली. तुझीही जागा गेली. तू गारठून मेली असतीस तर माझ्या हातच्या टिपांनी मेली असतीस. मशीन मी बंद ठेवलं आहे.

दोनदा त्या दुकानाच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. पुन्हा जाणार आहे. तू व्हिडिओ काढून टाक आणि खरं काय ते माझं नाव घेऊन सांग.

माया मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

बाबा


सोलंग, २७ फेब्रुवारी

आद. बाबांना,
स. जय भीम.

पत्र वाचून मला राग आला. तासभर होता. मग तुम्ही लाल दोरा शोधत फिरताय हे डोळ्यांपुढे आलं आणि राग टिकेना.

व्हिडिओ काढून टाकला. दुकानाला मेल केला की चूक त्यांची नव्हती, अनिशला परत घ्या. कारणही कळवलं आहे. सगळं मिटलं, आता तुम्ही दुकानात अजिबात जाऊ नका. तिथे जाऊन उगाच प्रश्नोत्तरं होतील, तुम्हाला ऐकू येणार नाही, कोणीतरी टाकून बोलेल. मी सगळं व्यवस्थित लिहिलं आहे. माझ्यावर सोडा.

जागेचं मनाला लावून घेऊ नका. आणि मशीन बंद ठेवू नका, गिऱ्हाइकं खोळंबतील. माया मागितली नाहीत तरी पाठवते आहे.

तुमची,
सुमेधा


घोडपदेव, ५ मार्च

चि. सुमेधा हिला,
मंगल कामना.

तुझं पत्र काल आलं. मी शनिवारीच दुकानात जाऊन आलो होतो.

मॅनेजर भला माणूस आहे. मी म्हटलं, त्या लाल जॅकेटबद्दल सांगायला आलोय, टेप मी काढली. तो म्हणाला की बाईंचा मेल आलाय, त्यात तेच आहे, आणि त्याने कागदच पुढे केला. मला इंग्रजी लेबलापुरतं येतं, म्हणून त्याने मराठीत सांगितलं. मला कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने सांगितलं, तेव्हा दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ऐकलं. बाईंनी लिहिलंय, आमच्या भागातल्या एका अडाणी शिंप्याकडे जॅकेट बाह्या आखूड करायला दिलं होतं, त्याने न विचारता नासवलं. ‘टेलर’ हा शब्द मी कागदावर स्वतः वाचला.

मग त्याने मला विचारलं की तो शिंपी तुम्हीच का. मी हो म्हटलं. बाई तुमच्या ओळखीच्या का, असंही विचारलं. मी म्हटलं, गिऱ्हाईक आहे. तुझी लबाडी माझ्या तोंडून उघडी पडायला नको होती. तू काळजी करू नकोस, तिथे कोणालाही काही कळलेलं नाही.

अनिशला गुरुवारपासूनच परत घेतलं आहे. तो आत माल लावत होता, त्याने बाहेर येऊन मला चहा दिला. मी प्यायलो नाही.

तू लिहिलंस त्यात खोटं फारसं नाही. आई विचारत होती दुकानात काय झालं, तिला मिटलं एवढंच सांगितलं. थंडीला जप. माया आहे, ती काही कमी झालेली नाही.

बाबा


सोलंग, ११ मार्च

बाबा,

जय भीम लिहितानाही आज हात अडतो. आपल्या घरात त्या दोन शब्दांबरोबर जे शिकवलंत, त्यातलं मी काहीच पाळलं नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर मी बाजारात गेले आणि मॅनेजरना फोन केला. सांगितलं, गेल्या आठवड्यात तुमच्याकडे आले होते ते माझे वडील, आणि जॅकेट मी कोणाकडे दिलं नव्हतं, त्यांनी ते माझ्यासाठी घरी शिवलं.  ते म्हणाले की ताई, त्यांनी तर तुम्ही गिऱ्हाईक आहात एवढंच सांगितलं. अनिशचीही माफी मागितली. त्याने ठीक आहे म्हटलं, पण ताई नाही म्हटलं. नवा व्हिडिओ केला, तुमचं नाव, काम, चूक आणि माझी चूक, सगळं त्यात आहे. चाळीस हजार पाहणारे आता कुठे आहेत कोण जाणे, काल संध्याकाळपर्यंत एकशे बारा झाले होते.

आणखी एक आहे, ते तुम्हाला कधीच कळलं नसतं. इथल्या प्रवेशाच्या फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय ‘गारमेंट एक्सपोर्ट’ असा लिहिला होता. तेव्हा तुम्ही काहीच चुकला नव्हतात, बाबा. टेप नव्हती, बर्फ नव्हता, कोणी मला विचारलंही नव्हतं. मेलमध्ये मी रागाने किंवा भीतीने तसं लिहिलं नाही. मला तुमची लाज वाटत होती, आधीपासूनच.

आज ऑफिसात जाऊन तो फॉर्म मागितला. कारकून म्हणाले की हंगाम संपत आला, तुमचं सिलेक्शनही नाही, आता हे बदलून काय उपयोग. मी जुनं खोडलं आणि वर ‘शिंपी’ लिहिलं. खाडाखोड केली की बाजूला सही लागते, म्हणून सही केली.

लोभ ठेवा असं म्हणायचा हक्क मी घालवला आहे. तरी म्हणते.

गुणाजी मास्तरांची मुलगी,
सुमेधा